मखमलाबादकडे रो-हाउस भाड्याने बघतोय, तिकडे कुणी राहतंय का?

डोंबिवलीहून (५ ऑक्टोबर)

नमस्कार. नाशिककरांचा सल्ला हवा आहे. नवऱ्याची बदली अंबडच्या कारखान्यात झाली आहे, डिसेंबरात हजर व्हायचंय. घरात चौघं: आम्ही दोघं, सातवीतला मुलगा आणि सासूबाई. सासूबाईंचं माहेर पिंपळगाव बसवंतचं, त्यामुळे नाशिक जिल्हा त्यांना परका नाही, मला मात्र पूर्ण नवा. माझं काम घरूनच चालतं, महिन्यातून दोनदा ठाण्याच्या ऑफिसात तोंड दाखवावं लागतं.

एकवीस वर्षं डोंबिवलीत काढली. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर दुसऱ्या बिल्डिंगचं स्वयंपाकघर आहे. समोरच्या काकूंनी फोडणीत कढीपत्ता घातला की नाही ते मी इथून सांगू शकते. म्हणून म्हटलं, जातोच आहोत तर भाड्याने का होईना, जरा मोकळ्या जागी राहू. गणपती झाल्यावर दोन दिवस रजा टाकून घरं बघितली.

दोन मनात आहेत. पहिलं इंदिरानगरला, तिसऱ्या मजल्यावर टू बीएचके, भाडं १६ हजार. घर नीटनेटकं आहे, पण आमची डोंबिवलीच जरा अंग सैल करून बसल्यासारखी वाटली. दुसरं मखमलाबाद गावाच्या पुढे, शिवारात. आठ रो-हाउसची गल्ली, त्यातलं शेवटचं घर, मागच्या कंपाउंडला लागून द्राक्षाचा मळा. खाली हॉल आणि स्वयंपाकघर, वर दोन खोल्या, त्यावर गच्ची. भाडं १७ हजार, डिपॉझिट ५० हजार. दुपारी तीनला गच्चीवर उभी राहिले तर कानाला दडे बसलेत की काय असं वाटलं, इतकं शांत. लांबवर हिरवा डोंगर दिसत होता, एजंट म्हणाला रामशेज. मुलगा तर तिथेच पतंग कुठून उडवायचा ते ठरवून मोकळा झाला.

आता शंका. सातच्या पाळीला अंबडला रोज पोचणं जमेल का? रात्री रिक्षा, बस मिळते का? पाणी, लाइट कसं आहे? आणि एक अवघड प्रश्न. आम्ही मासे खातो. मालकांनी विचारलं नाही, आम्हीही बोललो नाही. आधी सांगावं का?

पाथर्डीफाटा (५ ऑक्टोबर)

नोकरी अंबडला आणि घर मखमलाबादला म्हणजे गंगेच्या ह्या काठावर चूल आणि त्या काठावर सरपण. ताई, पाथर्डी फाट्याला बघा ना. मी एकोणीस वर्षं अंबडला जातोय, घरातून निघाल्यावर बाराव्या मिनिटाला पंचिंग.

इंदिरानगर घेणार असाल तर बोगद्याचा हिशेब धरा. हायवेखालून जायला जो बोगदा आहे तिथे ऑफिसच्या वेळी काय होतं ते एकदा उभं राहून बघा. सातच्या पाळीला काही वाटणार नाही, साहेब जनरल शिफ्टला गेले की कळेल.

मखमलाबादच घ्यायचं तर अशोक स्तंभ, सीबीएस असं गावातून जायला सांगू नका. नदी ओलांडून गंगापूर रोड, तिथून सातपूर, पपया नर्सरी आणि मग अंबड लिंक रोड. चौदा-पंधरा किलोमीटर. पहाटे पस्तीस मिनिटं, संध्याकाळी देवाच्या मर्जीवर. लिंक रोडला ट्रक फार, बाइकवाल्यांनी जपून.

गच्चीवरची (६ ऑक्टोबर)

ताई, तुमचं वाचून हसूच आलं. सहा वर्षांपूर्वी मी मुलुंडहून आले, सप्टेंबरात घर बघितलं, गच्चीवर उभी राहिले आणि एजंटला तिथल्या तिथे टोकन देऊन बसले. मखमलाबाद शिवारच, रो-हाउसच, मागे मळाच. अजून त्याच घरात आहे, तेव्हा तुम्हाला घाबरवायला लिहीत नाहीये. पण एक लक्षात घ्या, तुम्ही घर चातुर्मासात बघितलंत. लग्नं बंद, मळ्यात छाटणी व्हायची होती आणि दुपारचे तीन. त्या वेळी आमच्याकडे कुत्रीसुद्धा भुंकत नाहीत.

तुळशीचं लग्न लागलं की माणसांची सुरू होतात. शहरातून तुमच्या गल्लीपर्यंत येताना रस्त्याला लॉन्स किती लागतात ते मोजत या. लॉन्स म्हणजे हिरवळ समजू नका, लग्नाचे हॉल आहेत ते, फक्त छप्पर नसलेले. पहिल्या हिवाळ्यात एका रात्री तीन बाजूंनी तीन गाणी यायची आणि आमच्या हॉलमध्ये ती एकत्र व्हायची. पावणेदहाला माइकवरून, 'मुलीचे मामा जिथे कुठे असतील तिथून त्यांनी स्टेजकडे यावे.' मामा काही सापडेनात. शेवटी मीच उठून बाहेर बघितलं, आमच्या गेटसमोर गाडी लावून मामा फोनवर बोलत उभे! नियमाने रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद, आणि निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. दहाला गाणं थांबतं हे खरं. मग फटाके असतात, आणि गाड्या रिव्हर्स घेताना वाजणारं ते टिणटिण. मी दोनदा ११२ ला फोन केलाय, आवाज खाली आला. तिसऱ्यांदा केला नाही, कारण लग्न शेजारणीच्या भाचीचं होतं आणि मी स्वतः जेवून आले होते.

आता मळा. द्राक्षाची बाग दिसायला सुंदर, पण ते झाड नाही, तो कारखाना आहे बरं का. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी बहाराची. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर दीड-दोन महिने डावणी आणि भुरी या वेलीच्या रोगांच्या भीतीने फवारणीला उसंत नसते, त्यात दव पडलं किंवा अवकाळी आला तर रोजच. फवारणी कधी करायची? वारा पडलेला असतो तेव्हा. म्हणजे पहाटे पाच, नाहीतर रात्र. ट्रॅक्टरला मागे ब्लोअर लावलेला असतो, त्याचा आवाज असा की आमच्या शोकेसमधल्या कपबशा एकमेकींशी बोलायला लागतात. आणि पावसाळ्याच्या शेवटी बोर्डो मारतात, मोरचूद आणि चुना. माझी एक पांढरी चिकनकारी ओढणी गच्चीवर राहिली होती. संध्याकाळी काढायला गेले तर त्यावर फिक्या निळ्या ठिपक्यांची रांगोळी. तीन वेळा लिंबू चोळलं, दोन ठिपके अजून आहेत.

थंडी वाढली की मणी तडकू नयेत म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटतात. धूर जमिनीलगत सरकत थेट खिडकीत. फेब्रुवारीत मणी भरले की पाखरं हाकायला डबे आणि फटाके. मग एक दिवस खुडा होतो, क्रेट भरून गाड्या जातात, आणि कुणीतरी कंपाउंडवरून पाटीभर द्राक्षं ठेवून जातं. त्या दिवशी सगळं माफ.

मी यावर काय केलं ते सांगते. मळेवाल्या वहिनींचा नंबर घेतला. त्या आदल्या रात्री फोन करतात, 'ताई, उद्या औषध हाय, कपडे काढून घ्या.' पहाटे मागच्या खिडक्या बंद, पाण्याच्या टाकीचं झाकण घट्ट. टाकीचं विसरू नका. तुमचं घर शेवटचं आहे, तेव्हा मागची बेडरूम कुणाला द्यायची हाच खरा प्रश्न. सातच्या पाळीवाल्याला द्या, त्याला पाचला उठायचंच आहे.

पाणी. घरात दोन नळ असतील, एक महापालिकेचा, एक बोअरचा. एजंट 'चोवीस तास पाणी' म्हणाला असेल तर ते बोअरचं. माझ्या घरात स्वयंपाकघराच्या सिंकला बोअरचंच जोडलं होतं, हे मला पंधरा दिवसांनी कळलं, तेही तूरडाळीमुळे. सहा शिट्ट्या करूनही डाळ घोटली जाईना. आधी डाळीला शिव्या दिल्या, मग दुकानदाराला, मग कुकरची रिंग बदलली. शेवटी पिण्याच्या पाण्यात लावली, तीन शिट्ट्यांत मऊ. तेव्हा परत याल तर रिकामी बाटली घेऊन या, सिंकच्या नळाचं पाणी भरून न्या आणि डोंबिवलीत वाटीभर डाळ शिजवून बघा. पाण्यातले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरपेक्षा स्वस्त.

रात्रीचं म्हणाल तर सिटीलिंकच्या बस आहेत, दिवसा चालून जातं. नऊनंतर रिक्षावाल्याला मखमलाबादच्या पुढे म्हटलं की तो आधी आकाशाकडे बघतो, मग 'तिकडून रिकामं यावं लागतं' म्हणतो. घरात एक तरी दुचाकी तुमच्या नावाची हवी, फक्त नवऱ्याच्या नाही. ठाण्याला पंचवटी एक्स्प्रेस पकडायची म्हणजे सकाळी सातच्या सुमाराला नाशिकरोडला. मी घरून पावणेसहाला निघते, थंडीत दोन स्वेटर घालून.

मासे: सांगा. आधीच सांगा. मी लपवलं होतं, आणि पहिल्याच रविवारी मालकांच्या आई 'सहज' आल्या तेव्हा बोंबील तव्यावर होते. त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या महिन्यात भाडं घ्यायला मात्र मालक गेटबाहेरच उभे राहिले, ते आजतागायत.

आणि जाता जाता: मागचा मळा यलो झोनमध्ये आहे की ग्रीन, हे विचारून घ्या. यलो असेल तर फवारणीची चिंता दोन-तीन वर्षांत मिटेल, तिथे सातमजली उभी राहील आणि समोरच्या काकू परत येतील.

डोंबिवलीहून (६ ऑक्टोबर)

बाप रे. मी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. त्या मामांच्या गोष्टीला हसल्या आणि फवारणीच्या भागाला नुसत्या मान हलवत राहिल्या.

अजून एक. एजंट म्हणतो अकरा महिन्यांचा करार आहे, पाचशेच्या स्टँपवर नोटरी केलं की झालं, रजिस्टर करायची गरज नाही. खरं आहे का?

मालकच बोलतोय (७ ऑक्टोबर)

खोटं आहे. माझा हिरावाडीत एक फ्लॅट आहे, तो मी भाड्याने देतो, म्हणून दुसऱ्या बाजूने सांगतो.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. करार लेखी आणि नोंदणीकृत हवाच, अकरा महिने असो की अकरा दिवस. नोंदवायची जबाबदारी मालकाची, नाही नोंदवला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि नोंदणीच नसेल तर वाद झाल्यावर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते ग्राह्य, उलट सिद्ध करायचं ते मालकाने. म्हणजे नोटरीचा हट्ट धरणारा मालक स्वतःच्याच पायावर धोंडा मारतो, पण हे एजंटला कोण सांगणार. मी स्वतः पहिला करार नोटरीच केला होता. भाडेकरू सज्जन निघाला, नाहीतर माझं काही खरं नव्हतं.

खर्च ऐकून तुम्हाला आश्चर्य वाटेल. मुद्रांक म्हणजे एकूण भाडं अधिक डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के धरलेलं व्याज, त्या बेरजेचा पाव टक्का. तुमच्या १७ हजार आणि ५० हजारांवर अकरा महिन्यांचा हिशेब पाचशेच्या आतच येतो. नोंदणी फी महापालिका हद्दीत एक हजार, ग्रामीण भागात पाचशे. मखमलाबाद हद्दीत आहे, पण 'पुढे' म्हणता तर दरी-मातोरीच्या बाजूला हद्द कुठे संपते ते बघून घ्या. हद्दीबाहेर घंटागाडी येत नाही, कचरा मग आपला आपण जाळायचा.

आता लोक विसरतात तो मुद्दा. २०२७ ला सिंहस्थ आहे. पंचवटीत आणि आसपास कित्येक मालकांच्या डोक्यात आत्तापासून आहे की त्या वेळी घर रिकामं असलं तर चार पैसे जास्त सुटतील. माझ्याही डोक्यात आहे, खोटं कशाला बोलू. मुलाची शाळा मध्यात आली की पंचाईत तुमची होईल. तेव्हा अकरा महिन्यांच्या भानगडीत पडू नका, दोन वर्षांचा करार करा आणि लॉक-इन, म्हणजे ठरलेल्या मुदतीत करार मोडायचा नाही ही अट, दोघांनाही लावून घ्या. एजंटच्या नमुन्यात तो फक्त भाडेकरूला असतो. आणि पर्वणीच्या दिवशी गावातून जायचं नाही हे आत्ताच ठरवा. २०१५ च्या पहिल्या शाहीस्नानाला इतकी बॅरिकेड्स होती की मी दूध आणायला निघालो आणि अर्ध्या पंचवटीची प्रदक्षिणा करून हात हलवत परत आलो.

डिपॉझिट परत घेताना रंगाचे पैसे कापतात. ताबा घेताना प्रत्येक भिंतीचा व्हिडिओ काढा, मालकाच्या देखत.

भगूरकर (७ ऑक्टोबर)

शांतच हवं असेल तर देवळाली कॅम्पचा विचार केलात का? कॅन्टोन्मेंट आहे, जुने बंगले, मोठी झाडं, लॉन्सचा धिंगाणा नाही, नाशिकरोड स्टेशन जवळ. अंबड लांब पडेल. आणि एक सांगतो, तोफखान्याचा सराव सुरू झाला की तावदानं थरथरतात. आम्हाला आता ऐकू येत नाही. पाहुणे मात्र चहाचा कप खाली ठेवतात.

पाथर्डीफाटा (७ ऑक्टोबर)

सगळे बोलले, बिबट्याचं कुणीच काढलं नाही 😄

गच्चीवरची (७ ऑक्टोबर)

दादा, सहा वर्षांत मी बिबट्या भरपूर पाहिलेत, सगळे व्हॉट्सॲपवर. असतात हे खोटं नाही, नदीकाठ आणि ऊस आहे. पण म्हणून कुणी गंगापूर रोड सोडत नाही, तिथे तर २०१९ ला भर सावरकरनगरात शिरला होता. अंधार पडल्यावर मुलाला एकट्याला मळ्याच्या वाटेने पाठवू नका, कचरा उघडा टाकू नका, कारण कचऱ्याला कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे तो. वन विभागाची हेल्पलाइन १९२६, फ्रिजवर लावून ठेवा. सापांचं मात्र खरंच आहे, गेटखालच्या फटीला रबराची पट्टी लावून घ्या.

डोंबिवलीहून (१६ नोव्हेंबर)

सगळ्यांचे आभार, आणि झालेलं सांगते.

शनिवार-रविवार वगैरे काही बघितलं नाही, पंचांगात लग्नाची दाट तिथी बघून परवा आलो. रात्री साडेनऊला गल्लीत गाडी उभी करून काचा खाली केल्या. दोन लॉन्स वाजत होती, मामा हरवले नव्हते. शेवटच्या घरात आवाज येतो, पण पुढच्या खोलीत. दार लावलं की टीव्हीच्या आवाजात बुडतो. दहा वाजून पाच मिनिटांनी थांबला, मी घड्याळ लावून बसले होते.

मुक्काम पंचवटीत नात्यातल्यांकडे केला आणि पहाटे पावणेपाचला परत गेलो. सासूबाई गाडीतच थांबा म्हटलं तरी आल्या. मालकांनी किल्ली आदल्या दिवशीच देऊन ठेवली होती. गच्चीवर गेलो तर मळ्यात ट्रॅक्टरचा दिवा फिरत होता आणि तो आवाज. खरंच, छाती हलते. ट्रॅक्टर कडेच्या ओळीला आला, तोंडाला उपरणं बांधलेला माणूस आम्हाला बघून थांबला आणि ओरडला, 'आजी, आत व्हा, औषध हाय!' सासूबाई कठड्यावर वाकून म्हणाल्या, 'डावणीचं का भुरीचं?' तो माणूस ब्लोअर बंद करून खाली उतरला. पुढची वीस मिनिटं त्या दोघांचं पाणी किती दिवसांनी देता, घड किती ठेवले, यावर्षी छाटणी उशिरा का घेतली, हेच चाललं होतं. पिंपळगावला त्यांच्या वडिलांची बाग होती हे मला लग्नापासून माहीत आहे. त्यांना छाटणी येते, हे काल कळलं. मागची बेडरूम त्यांनीच मागून घेतली. नवरा म्हणाला, आई, आवाज येईल. तर म्हणाल्या, मला नाहीतरी चारला जाग येते, निदान काहीतरी कानावर पडेल.

डाळ बाटलीतल्या पाण्यात शिजवली. पाच शिट्ट्या, आणि तरी दाताखाली येत होती. मालकांना फोन केला, आधी म्हणाले सगळे हेच वापरतात, मग सिंकला महापालिकेची लाइन ओढून द्यायला तयार झाले. ते करारात लिहून घेतलंय. माशांचंही सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, श्रावणात नको. म्हटलं, श्रावणात आम्हीपण खात नाही.

चोवीस महिन्यांचा नोंदणीकृत करार, लॉक-इन दोघांना अठरा महिन्यांचा. सिंहस्थापर्यंत पूर्ण पोचत नाही, पण त्याहून पुढे ते सरकेनात. बघू. मळा ग्रीन झोनमध्ये आहे. पाथर्डीफाटा दादा, तुमचं बरोबर आहे हे नवऱ्याला मान्य आहे, त्याने नवी बॅटरी आणि हातमोजे घेतलेत.

आता शेवटचं विचारते, गच्चीवरची ताई, तुमच्याकडे घंटागाडी किती वाजता येते?

गच्चीवरची (१६ नोव्हेंबर)

सव्वाआठ. कधी साडेनऊ. गाणं ऐकू आलं की डबा घेऊन पळायचं, थांबत नाही तो. ओला-सुका वेगळा. आणि मासळी धुतलेलं पाणी गेटबाहेर ओतू नका, माझ्याकडची सगळी कुत्री तुमच्या गल्लीत येतील. तसं माझी काही हरकत नाही.